सासूबाईंचे गुडघे

माझ्या सासूबाईंनी देवाला कुणाला हात लावू दिला नाही, सुनेला तर नाहीच नाही. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा. तोडणीची पहिली टोपली देवघरात, मग उरलेली मार्केटला. चुकून मी हार घातलाच तर म्हणायच्या, "देवाला घातला का बैलाला?"

आणि दोन हजार सालाच्या पुढेमागे एक दिवस म्हणतात कशा, "आज देव तूच कर. माझे गुडघे लय दुखतात." मला तर लॉटरीच लागली! पण गुडघे मोठे लबाड. चार दिवस दुखायचे, मग बरे, मग पुन्हा तेच. देवघरात दुखायचे, मळ्यात वाकून तोडणी करताना नाही. लोणच्याच्या बरणीलाही त्या हात लावीनात. म्हातारीला आता आयतं हवंय, असं मी धरून चालले.

मग गावात बायकांच्या तपासणीचा कॅम्प आला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कळतो म्हणे. सासूबाईंनीच अर्धी आळी दटावून नेली. "आता लाजता? बाळंतपणात कुठं गेली व्हती लाज?" स्वतः मात्र दारात आमच्या चपला राखत बसल्या. "आपलं सगळं कवाच आटपलं, बाई."

आत नर्सने विचारलं, "घरात कुणाला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का?"

नाही म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली. देव नाही, लोणचं नाही. कसले डोंबलाचे गुडघे! बाई साठीत गुपचूप विटाळ पाळत होती.

बाहेर येऊन विचारलं तर खेकसल्या, "हळू बोल! या वयात पुन्हा बाजूला बसते म्हणल्यावर गाव हसंल." अशी चिडले मी! मनगट धरून त्यांना आत नेलं. चपला राहिल्या वाऱ्यावर.

तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण फार पसरला नव्हता. ऑपरेशनच्या दिवशी सासूबाईंना पडलेली भलतीच चिंता. "अगं, मी सगळं नीट पाळलं. देवाला एकदाबी शिवले नाय. तरी मलाच का?" मी त्यांचा हात धरून बसले.

जखम भरली, डॉक्टरीणबाईंनी हिंडाफिरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर देवघरात समई लागलेली, माझा कालचा हार टोपलीत काढून टाकलेला.

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"त्यांना काय धाड भरली?" असं म्हणत त्यांनी जोरात घंटा वाजवली, आणि मी दारातच रडायला लागले.