बसंतीबाईचा चाकांवरचा डबा

बसंतीबाई,

तुझा पत्ता कुणाकडेच नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, "तांडा, तालुका कळंब, एवढं लिहा, पोचतं." पोचतं कसं? तांड्यात तू नाहीस, घरही नाही. घर तू बरोबर घेऊन गेलीस. म्हणून तुझी गोष्ट इथे लिहून काढते, तुझी लेक अंजू कधीतरी वाचून दाखवेल. तुला न ओळखणारेही वाचतील, तेव्हा तुला 'ती' म्हणेन आणि स्वतःला कुंदाबाई. 'मी, मी' करणारे अशील चाळीस वर्षं ऐकले, तेवढे पुरेत.

तर, कापसाची ती वाईट वर्षं. दोन हजार पाच-सहाचा सुमार. बियाण्याच्या एका कंपनीचा पांढरा डबा जीपच्या मागे गावोगाव फिरायचा. दिवस मावळला की बाहेर पडदा लावून सिनेमा दाखवायचे, मध्येच थांबवून बियाण्याची पाकिटं दाखवायचे. डबा म्हणजे चाकांवरची खोलीच होती. आत झोपायला दोन फळ्या, कोपऱ्यात शेगडीची जागा, सरकती खिडकी आणि एक दार. दाराला आतून कडी, बाहेरून कुलूप.

बसंतीबाईने पहिल्या दिवशी पाहिलं ते हे दार. सिनेमा तिने पाहिलाच नाही.

दसरा झाला की ती आणि तिचा नवरा धावजी ऊसतोडीला पश्चिमेकडे जात. तिकडे फडाच्या कडेला उसाच्या पाचटाची कोपी बांधायची, वर प्लास्टिकचा फाटका कागद टाकायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यात राहायचं. कोपीला दार नसतं, पोतं लोंबतं. वाऱ्याने पोतं उडालं की आतली बाई जगाला दिसते. परत तांड्यात यावं तर दीर देवसिंगच्या घरातला एक कोपरा, आणि जाऊ मानीबाई त्या कोपऱ्यातही कांदे ठेवणारी. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. स्वतःच्या हाताने लावायची कडी बसंतीबाईच्या वाट्याला आली नव्हती.

त्या वर्षी बोंडं धरलीच नाहीत, धरली ती अळीने खाल्ली. कंपनीची माणसं जीप घेऊन निघून गेली. घाईत डबा तांड्याच्या वळणावर सोडून गेली. चार पोरं रॉकेल घेऊन तो पेटवायला निघाली, तर ही दारात फतकल मारून बसलेली.

"वहिनी, सरक! याच्यातूनच बी वाटलं न त्यायनं!"

"डब्यानं काय केलं रे? डबा बोलला काय तुमाले, हे बी पेरा म्हून? माणसं गेली तं त्यायले धरा. पत्र्यावर कायले मर्दुमकी दाखवता?"

पोरं शिव्या देत परतली. शेवटच्याने जाता जाता खिडकीवर दगड मारला. बसंतीबाईने काच वेचली, खिडकीला खताचं पोतं लावलं, गळणाऱ्या पत्र्याला डांबर फासलं, बाहेरून गेरू दिला आणि जुन्या घागऱ्याचे आरसे दारावर चिकटवले. वर्ष गेलं. कुणी विचारायला आलं नाही.

मग डबा कुणाचा, हा प्रश्न तांड्यानेच काढला. देवसिंगला त्यात कडबा भरायचा होता. तांड्याचा म्होरक्या, नायक सेवादास, याने नसाब बसवला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, पिंपळाखाली बसते आणि ताबडतोब निकाल देते. कोर्टात आयुष्य काढलेल्या बाईला या गोष्टीचा हेवा वाटतो. जुन्या काळी मालाचे बैल घेऊन तांडे फिरत, तेव्हा चुकलेला बैल कळपात शिरायचा. आजूबाजूला पुकारा करायचा, पुढच्या जत्रेपर्यंत वाट पाहायची. मालक आला नाही तर ज्याने चारा टाकला त्याचा बैल. सेवादासने तेच विचारलं.

"चारा कोनं टाकला?"

"डबा चारा खाते काय, नायक?" देवसिंग म्हणाला. लोक हसले.

"डांबर खाल्लं त्यानं. गेरू खाल्ला. कोनं टाकला?"

सगळ्यांनी बसंतीबाईकडे पाहिलं. निकाल झाला.

इथवर सगळं ठीक. पुढे धावजीने बायकोवरच्या प्रेमापोटी गोंधळ घातला. मिळालेल्या बैलावर जुना डाग ठेवत नाहीत, त्यावरच आपला डाग देतात, हे त्याने आज्याकडून ऐकलेलं. डब्याच्या पुढच्या दांडीवर, जिथून तो जीपला जोडतात तिथे, काही आकडे ठोकलेले होते. धावजीने कळंबहून वेल्डिंगवाला आणला, ते आकडे ग्राइंडरने साफ घासले आणि तिथे त्रिशूळ उठवला.

दसरा जवळ आला. डबा ट्रॅक्टरमागे लावून उसाला न्यायचा असं बसंतीबाईने पक्कं केलं होतं. पण ट्रॅक्टरवाला अमरसिंग शहाणा. "वहिनी, कागद पाह्यजे. तिकडं पोलिसानं धरलं तं तुहा डबा जाईन अन् माहा ट्रॅक्टर." मग नवरा-बायको यवतमाळला आरटीओत गेले. निरीक्षकाने सांगितलं, चेसिसच्या आकड्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो छाप आणा. धावजीने छाप नेला. कागदावर त्रिशूळ.

निरीक्षकाने तो कागद उलटसुलट पाहिला. "नंबर घासलाय? अहो, नंबर चोर घासतात!" आणि त्याने पोलिसांना कळवायची भाषा केली.

कुणीतरी कोर्टासमोर बसणाऱ्या कुंदाबाईचं नाव सांगितलं. कुंदाबाई नोटरी. वडील वकील, आजोबा वकील, जिभेला धार तेव्हापासूनची.

"आकडे घासताना विचारावंसं नाही वाटलं कुणाला?"

"बैलाले तं असंच करते, वकीलबाई," धावजी म्हणाला.

"हा बैल आहे?"

"नाई. पन चुकलेला तं हाय."

बसंतीबाई नवऱ्याकडे पाहत नव्हती. तिला एवढंच कळत होतं की आता डबा पोलीस ठाण्याच्या आवारात जाणार, तिथे जप्त मोटारसायकलींवर वेल चढलेले तिने पाहिले होते. दाराचे आरसे तिथे पोरं काढून नेतील. तिने विचारलं, "माहा होईन का नाई, तेवढं सांगा. रागवा मंग."

कुंदाबाईने सांगितलं. चोरीचा नाही हे फक्त मूळ मालक सांगू शकतो. त्याने उभं राहून म्हणायचं, हा माझा, मी या बाईला देतो. मग पोलीस पाहतील, आरटीओ नवा नंबर ठोकून देईल. त्याच्याशिवाय काही नाही. कंपनी तर बंद पडलेली.

मग कुंदाबाईलाच सुचलं, "पण डबा कंपनीच्याच नावावर होता कशावरून? त्यात झोपायचं कोण?"

"सलील म्हून पोरगा होता. माइकवर बोलायचा. माह्याकडून भाकर न्यायचा," बसंतीबाई म्हणाली.

"कुठला?"

"पुसदचा. त्याचा मामा मंडपवाला हाय म्हने, सदाशिव. डबा मामाचा, कंपनीनं भाड्यानं घेतला, असं काईतरी सांगे."

दुसऱ्या दिवशी तिघे एसटीने पुसदला गेले. मंडपवाल्याचं गोदाम शोधायला वेळ लागला नाही. सदाशिवराव कनाती मोजत होते. पांढऱ्या डब्याचं नाव निघताच त्यांनी मान हलवली.

"माझा? माझा कुठला डबा! मी मंडपवाला माणूस."

"सलील तुमचा भाचा ना?"

"भाचे पुष्कळ आहेत."

धावजी कुंदाबाईच्या कानाशी लागला, "खोटं बोलून राह्यला." ते ऐकू गेलं. सदाशिवराव तापले. "आज डब्याचं विचाराल, उद्या बियाण्याचं विचाराल, परवा शंभर माणसं आणून गोदामापुढे बसवाल! मी भाड्याने गाडी दिली, बी नाही विकलं!"

कुंदाबाईने कायदा सांगायला तोंड उघडलं. बसंतीबाईने तिला हाताने मागे सारलं. आयुष्यात कुंदाबाईला असं कुणी सारलेलं नव्हतं. बसंतीबाईने पिशवीतून एक नारळ आणि बैलाचं दावं काढलं. मालक सापडला तर द्यायचं असतं म्हणून तिने ते घरूनच आणलेलं. दाव्याचं एक टोक तिने सदाशिवरावांच्या हातात दिलं.

"हे धरा, दादा."

"हे काय आता?"

"तुमचं जनावर आमच्याकडं होतं. उपाशी नाई ठेवलं. आता तुमी सोडा, मंग आमी बांधतो."

गोदामातले गडी काम सोडून पाहू लागले. कनातींच्या ढिगावरून एकजण म्हणाला, "शेठ, धरा न! लग्न थोडंच लावून राह्यले!" सदाशिवराव दावं धरून अवघडून उभे राहिले. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तांड्यात माझ्या नावाने काय बोलतात?"

"काईच नाई."

"खरं सांगा."

"तुमचं नावच कोनाले मालूम नाई. शिव्या कंपनीले देते."

सदाशिवरावांना सुटल्यासारखं वाटलं की कमीपणा वाटला, चेहऱ्यावरून कळेना. ते आत गेले आणि डब्याचं जुनं आरसी पुस्तक घेऊन आले. घासलेले आकडे त्यात होते. दावं अजून त्यांच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. बसंतीबाईने ते सोडवून घेतलं.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, तसंच सांगते. पोलीस तांड्यात आले, डबा पाहिला, चोरीची तक्रार कुठेच नाही याची खात्री करून घेतली. सदाशिवराव यवतमाळला दोनदा आले, कुरकुरत आले, पण आले. निरीक्षकाने दांडीवर त्रिशूळाच्या शेजारी जुनाच नंबर पुन्हा ठोकून घेतला. त्रिशूळाला त्याने हात लावला नाही. म्हणाला, "राहू द्या, ओळखायला बरा."

शेवटच्या दिवशी खिडकीवर कारकुनाने विचारलं, "कुणाच्या नावावर?"

धावजीने घसा साफ केला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, गाडी पुरुषाच्याच नावावर असते एवढंच त्याला ठाऊक. तो म्हणाला, "धावजी—"

बसंतीबाईने पदर दातात धरला होता आणि ती खिडकीच्या गजाकडे पाहत होती. एवढ्या सगळ्या खटाटोपात, कागद आपल्या नावावर हवा, हे तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. बोलली असती तर बायको नवऱ्याशी भांडते असं झालं असतं.

कुंदाबाईने विचारलं, "धावजी, चारा कुणी टाकला?"

कारकून वर पाहू लागला. "चारा? कसला चारा?"

"तुमी लिहा," धावजी त्याला म्हणाला. "बसंतीबाई. बसंतीबाई धावजी राठोड." मग बायकोकडे वळून म्हणाला, "मले झोपू देशीन न आत?"

"पाहू," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर कुंदाबाईने बजावलं, मागे नंबरची पाटी लागल्याशिवाय रस्त्यावर काढायचा नाही. कोर्टाजवळचा पेंटर चांगली अक्षरं काढतो, त्याला आजच सांगते. बसंतीबाईला पेंटरची पाटी नको होती. तिला मोठी पाटी हवी होती, चारी कोपऱ्यांना आरसे बसतील एवढी. असं ठरलं की पत्रा ती कळंबहून कापून आणेल, नंबर कुंदाबाई काढून घेईल, आरसे बसंतीबाई नंतर घरी लावेल.

दसऱ्यानंतर मुकादमाची हाक आली आणि अमरसिंगचा ट्रॅक्टर ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, पत्रा यायच्या आत, निघाला. तांड्यातले लोक सांगतात, बसंतीबाई डब्यात बसून गेली, दार लावून, आतून कडी घालून. देवसिंगने निरोप द्यायला दार वाजवलं तर म्हणाली, "कोन हाय?" माहीत असून विचारलं.

उन्हाळ्यात धावजी एकटा येऊन अंजूच्या घरी राहून गेला. डबा तिकडेच, कधी या कारखान्याला, कधी त्या. आरसी पुस्तक बसंतीबाई उशाखाली ठेवते म्हणाला. पाटीचं विचारलं तर म्हणाला, आकडे खडूने लिहिले आहेत, पाऊस आला की पुन्हा लिहितो.

बसंतीबाई, खडू चालत नाही. पेंटर अजून त्याच जागी बसतो. पत्रा तू आणायचा होतास.