वणीच्या उतारावरची ट्रॉली

ब्रेक तापल्याचा वास आला की मला वणीचा उतार आठवतो. ट्रॅक्टर बिघडला, म्हणून आमच्या ह्यांनी कांद्याची ट्रॉली पिकअपला जोडली. पिकअप मागून दबू नये म्हणून सगळ्या गोण्या ट्रॉलीच्या पार मागच्या टोकाला रचल्या आणि त्यांवर नेहमीसारखे सासरे, आमचे दादा, बसले. उतारावर ट्रॉली झोले खायला लागली. ह्यांनी जोरात ब्रेक मारला, तर ती आणखीच फेकली गेली. आरशात सासरे एकदा दिसत, एकदा नाहीसे होत. "अहो, दादा पडतील!" मी किंचाळले. गाडी कशीबशी थांबली. सासरे खाली उतरले. "मागं वजन झालं म्हणून ती झुलते, गोण्या पुढं घे," एवढंच म्हणाले आणि उरलेला उतार ट्रॉलीमागून चालत आले. आता ते नाहीत, ट्रॉलीही विकली. तरी तो वास आला की मी आधी आरशात बघते.