विहीर कुणी खणली?

पोळ्याच्या आदल्या दिवशी गयाबाईंनी सांगितलेली गोष्ट मी स्वहस्ते लिहून लोककथा समितीला दिली, जबाबदार मी. दसऱ्यानंतर तिच्यात फेरफार झाला. जबाबदार दोन्ही संपादक. संक्रांतीला पुस्तक छापून आले; जबाबदार अध्यक्ष. माझ्या तिन्ही पत्रांना उत्तर नाही. न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवलेल्या मला एवढे कळते, की साक्ष बदलली गेली तर साक्षीदाराला भेटावे. म्हणून बीडहून पाटोद्याची सकाळची एसटी धरली.

दुतर्फा काढणीला आलेली ज्वारी होती. पुढे उघडेबोडके डोंगर. पाटोद्याला गयाबाईंच्या गावची जीप मिळाली.

“सरक बे, काकांना बसू दे!” चालक ओरडला. माझ्या मांडीवरची कागदपत्रे पाहून त्याने विचारले, “कशाची केस, काका?”

“कोल्ह्याची.”

“जामीन झाला का न्हाई?”

जीपभर हशा पिकला. मी हसलो नाही.

पुस्तकात देशोदेशींच्या लबाड प्राण्यांच्या कथांची तुलना आहे. इंडोनेशियातले इवलेसे हरीण मगरींची मोजदाद करण्याच्या मिषाने त्यांच्या पाठींवरून नदी ओलांडते. आफ्रिकेतला ससा दुष्काळात विहीर खणायला नकार देतो आणि पुढे युक्तीने तिचेच पाणी पितो. गयाबाईंचा कोल्हाही युक्तीने पाणी पितो. पण त्याने नखे झिजेपर्यंत खणलेले असते, आणि पाणी लागताच वाघ त्यालाच काठावरून हाकलतो. युक्ती एक, गुन्हा एक नव्हे. समितीने मात्र साम्य ठळक दिसावे म्हणून आमच्या कोल्ह्याला कामचुकार ठरवले आणि शेवटी वाघाची माफी मागायला लावली.

बुद्धविहारामागच्या घरात गयाबाई तूर पाखडत होत्या. मी पुस्तक उघडताच त्यांनी पानावर हात ठेवला.

“दिवसा नगं, साहेब. पोरांचा मामा उसाच्या ट्रकात हाय.”

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असे इकडे मानतात.

“ही गोष्ट नव्हे, पुरावा आहे,” मी म्हणालो.

“मग पुरावा बी दिवे लागल्यावर वाचा. तवर भाकर खा. तुमी लई घाईचे.”

जन्मभर ज्या तहकुबीचा तिरस्कार केला, ती मी पिठले-भाकरीसह मान्य केली.

दिवे लागले. मी वाचू लागलो. प्रत्येक वाक्याला गयाबाई “हूं” म्हणत होत्या. ऐकणाऱ्याने असा हुंकार दिला नाही तर सांगणारा पुढे जात नाही. दुष्काळ पडला. हूं. वाघाने हुकूम काढला. हूं. सगळे प्राणी खणू लागले. हूं. ‘कोल्हा मात्र झाडाखाली झोपून राहिला.’

हुंकार आला नाही.

मी थांबलो.

“गावातली मोठी हीर माज्या आज्यानं खणली,” त्या अखेर म्हणाल्या. “बांधून झाली तसं त्याला पोहरा सोडू दिला न्हाई. त्यानं ही गोष्ट माज्या बापाला सांगितली, बापानं मला. आता माजा आजा झोपला व्हता व्हय? मग हीर कुणी खणली, साहेब?”

मी पुस्तक मिटले.

“तुमी लिवून नेली. तुमीच माघारी आणा.”

त्या रात्री पाटोद्यात मुक्काम केला. परतीच्या एसटीत चौथे पत्र लिहिले नाही. पत्रे फायलीत मरतात. हा जाहीर मजकूर त्याऐवजी आहे. देशोदेशींच्या कथा शेजारी ठेवाव्यात, पण शेजार जमावा म्हणून एकाच्या हातची कुदळ काढून घेऊ नये.

अध्यक्ष महोदय, आपण गयाबाईंच्या गावी यावे आणि दिवे लागल्यावर, त्या विहिरीच्या काठी, सर्वांसमक्ष सांगावे: विहीर कुणी खणली? हुंकार द्यायला मी हजर राहीन.