जावेच्या मनगटावरचं घड्याळ

ओल्या चुन्याचा वास आला की मला बोर्डीची आमची चिकूची वाडी आठवते आणि धाकटी जाऊ. झाडांच्या बुंध्यांना लावायला आमचे हे पिंपात कळीचा चुना विरवत होते. तो एकदम उकळला आणि ह्यांच्या हातावर उडाला. मी घरात धावले, टूथपेस्ट घेऊन आले. आमच्या माहेरी भाजल्यावर तेच लावायचे. येऊन बघते तर मोठ्या दिरासमोर कधी मान वर न करणारी ती, ह्यांचा हात पंपाच्या धारेखाली धरून उभी! ह्यांचं घड्याळ काढून तिने स्वतःच्या मनगटात घातलं होतं. “वहिनी, ते लावू नका. वीस मिनिटं नुसतं पाणी.” ती घड्याळ बघत होती, मी ट्यूब मुठीत आवळून तिची बोटं. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे हात वाचला. ह्यांनी ते सगळ्या बोर्डीला सांगितलं. परवा बोंबील तळताना माझ्या मनगटावर तेल उडालं. ट्यूब समोरच होती, पण मी हात नळाखाली धरला. हे धावत आले, “तिला बोलावू का?” “नको,” मी म्हटलं, “तुमचं घड्याळ द्या इकडे.”