तिचा उजवा खांदा

अनू, ईशान — हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, धाकट्या आजीला तू किती जपतेस!"

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ, शांता. तुमच्या आईचं लग्न ठरलं त्या सुमारास तिच्या उजव्या खांद्यावर, कातडीखाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा तिथंच घासायचा, म्हणून घट्टा असेल असं सगळ्यांनी धरलं. वाढायला लागली तेव्हा मी तिला मानवतहून परभणीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी गाठ दाबून, हलवून पाहिली. हलत नव्हती. मग ते माझ्याशी इंग्रजीत बोलले — तिला कळू नये म्हणून. ही चरबीची गाठ वाटत नाही. क्वचित होणारी, वाईट गाठ असू शकते. तुकडा काढून तपासा, थांबू नका.

शांता माझ्या तोंडाकडे बघत होती. "अक्का, काय म्हणायलेत डॉक्टर?"

मी म्हणाले, "चरबीची गाठ आहे. लग्न झाल्यावर बघू."

ती हसली. "मी तर मेलेच म्हणून बसले होते! चला, आता चहा पाजा."

का बोलले मी तसं? सोयरे बिचकतील म्हणून — असं मी स्वतःला सांगत आले. पण तेही खरं नाही. लग्नाचं प्रत्येक काम मी आखून ठेवलं होतं, आणि त्यातली निम्मी कामं शांताच करणार होती. मला तिचे हात हवे होते. एवढंच.

लग्न छान झालं. मग सण आले, पाहुणे आले. गाठ वाढताना मी पाहत होते — आणि गप्प होते. शेवटी तुकडा तपासला, तेव्हा ती स्नायूत पसरलेली निघाली. खांद्याचा बराच भाग काढावा लागला. इतका उशीर का केला, असं मोठ्या दवाखान्यात विचारलं. शांतानंच सांगितलं, "आमाला चरबीचीच म्हणले होते." मी शेजारीच उभी होते.

तुमचे आजोबा गेले, तिचे मालकही गेले. घरात आम्ही दोघीच. सकाळी तिची वेणी मी घालते. "अक्का, तुमी लय करायलात माझ्यासाठी," ती म्हणते. बोलायला मला ती एकटीच उरली आहे — आणि तिलाच हे सांगता येत नाही.

तिचा उजवा हात खांद्यापासून उचलत नाही. डावा चालतो.