आमेन होईपर्यंत

डिझेलचा वास आला की मला हर्णैची ती होडी आठवते. चर्चच्या महिला मंडळाची सहल समोरच्या बेटावर, किल्ल्यात गेली होती. परत निघताना, होडीत चढण्याआधी पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटून प्रार्थना करूया." मी चार वर्षांच्या लेकीचा हात सोडून हात जोडले. साहेब एकेका आजाऱ्याचं नाव घेऊ लागले. मध्येच जाणवलं, माझा पदर धरलेली मूठ सुटलीय. पण प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत, असं संडे स्कूलच्या मुलांना मीच दटावायचे. खाली खडकांवर लाटा आपटत होत्या आणि मी आमेनची वाट बघत उभी. डोळे उघडले तर लेक नव्हती. धावत काठाशी गेले, तर म्हातारे होडीवाले चाचा तिला कडेवर घेऊन पाण्यातून वर येत होते. फ्रॉक गळ्यापर्यंत भिजलेला. "बाय, तुम्ही सगळ्यांनीच डोळे मिटलेत," एवढंच ते म्हणाले. परवा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मी नेहमीसारखा एक डोळा उघडून शेजारी पाहिलं. लेकीच्या मांडीवर तिचं बाळ होतं, आणि तिचाही एक डोळा उघडा होता.