मुदतसाहेबांचं शुद्धिपत्रक

मुदतसाहेब प्रत्येक वस्तूवर तिच्या शेवटाची तारीख लिहीत. शाईची दौत, झाडू, टेबलावरचा काचेचा पेला, सगळ्यांवर चिकटवलेली चिठ्ठी. "सुरुवात सगळेच लिहितात," ते म्हणत. "शेवट लिहिला की माणूस तयारीत राहतो." सदाशिव पेठेतून ते चालत येत. कोणी स्कूटरवर बसा म्हटलं, तर विमा कधी संपतो ते आधी विचारत.

आमचं विशेष न्यायालय तेव्हा नवीन होतं. जमिनींच्या फसवणुकीचे खटले तिथे चालणार होते. सहा सरकारी वकील एकाच दिवशी नेमायचे होते, सगळे तीन वर्षांसाठी. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ मुदतसाहेब. नेमणुकीच्या आदेशाचा मसुदा वाचून त्यांनी परत पाठवला. सहाही जण एकाच दिवशी गेले, तर दुसऱ्या दिवशी कोर्टात आरोपीचा वकील असेल आणि आपल्या खुर्चीत फक्त पंख्याचा वारा, असं वरिष्ठांना कळवलं. म्हणून ठरलं, की पहिल्या खेपेला दोघांना एक वर्ष, दोघांना दोन, दोघांना तीन. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तीनच. कोणाला किती, ते चिठ्ठ्या टाकून.

कार्यालयातली टायपिस्ट मी; चिठ्ठ्या मीच लिहिल्या आणि माझ्या जेवणाच्या डब्यात घातल्या. साहेबांनी सगळ्यांत शेवटी हात घातला. तोवर पाच वाचून झाल्या होत्या. उरलेली कोणती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ती उघडली, "एक वर्ष" असं मोठ्याने वाचलं आणि फाइलला लावली.

त्यांच्याकडे धायरीच्या एका मावशींचा खटला आला होता. खोट्या सहीने त्यांची जमीन विकली गेली होती. मावशी दर तारखेला बाकावर येऊन बसत. "ह्ये सायेब हाय तवर माजं कायतरी हाय," असं मला सांगत. खटला वर्षात संपणार नव्हता.

मुदतींचा आदेश मी टाइप केला. त्यात साहेबांच्या नावापुढे तीन वर्षं पडली आणि तीनची चिठ्ठी निघालेल्या कर्वेनगरच्या एका तरुण वकिलांपुढे एक. ते तक्रार करणार नव्हते; त्यांना तीन वर्षं अडकायचंच नव्हतं. सही होऊन आदेश निघालाही.

साहेबांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"बाई, तुमची यादी कधी चुकत नाही."

मी आदेश उलटा करून ठेवला.

"शुद्धिपत्रक काढा. नाहीतर नियम फक्त इतरांसाठी होता असं होईल."

मावशींचं काय, असं मी विचारलं.

"त्यांच्यासाठीच खुर्ची रिकामी राहू नये म्हणतोय. त्या खुर्चीत मीच हवा, असं कुठे लिहिलंय?"

शुद्धिपत्रकाचा मसुदा त्यांनी स्वतःच लिहून दिला. चूक कशी झाली, ते विचारलं नाही.

वर्ष संपता संपता त्यांनी खटला पुढे चालवणाऱ्या वकिलांना शेजारी बसवून धायरीची फाइल पानापानाने समजावली. जाताना काचेचा पेला मला दिला. त्यावरची तारीख त्याच दिवसाची होती.

निकाल पुढे दोन वर्षांनी लागला, मावशींच्या बाजूने. सरकारी वकील नाही म्हणून एकही तारीख पुढे गेली नव्हती. निकाल कोणाकोणाला कळवायचा त्याची मी यादी केली. शेवटचं नाव साहेबांचं. फोन सुनेने उचलला. "बाबा गेले हो," ती म्हणाली. "परवाच तेरावा झाला."

मी फोन ठेवला आणि यादी पुरी केली. साहेबांच्या नावापुढे 'कळवले' असं लिहिलं. त्या नोंदीचं शुद्धिपत्रक मी काढलेलं नाही.